सप्टेंबरपर्यंत

सकाळी सात वाजता घरमालकीण मारुसोनं डॉक्टरीणबाईंच्या दोन बॅगा जिन्यावर आणून ठेवल्या. दुपारच्या बोटीनं जर्मन पाहुणे येणार होते. ईस्टर झाला की बेटावरच्या खोल्या पाहुण्यांच्या होतात आणि हिवाळ्यातले भाडेकरू जागा मिळेल तिथे सरकतात. शाळेचे मास्तर वर्गातच अंथरूण टाकतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टर थेक्लाच्या वाट्याला तळघर आलं. त्याचं दार मागच्या गल्लीत होतं. नोव्हेंबरपासून या घरात राहूनही तिनं ते पाहिलं नव्हतं. मारुसोनं दार ढकललं तसा मुताचा, ओल्या लोकरीचा आणि खवट तेलाचा भपकारा आला. तेलाच्या डब्यांमागे खाट होती. गादीला मधोमध खळगा पडला होता, त्यात पिवळ्या डागांची वर्तुळं. थेक्लानं नाकाला रुमाल लावला. इथे झोपण्यापेक्षा संध्याकाळच्या बोटीनं मुख्य भूमीवर, पिरेअस बंदराला परत जायचं, हे तिनं उंबऱ्यातच ठरवलं. बेटावर दुसरा डॉक्टर नव्हता. ती बेटाची अडचण होती.

“चादर बदलते की,” मारुसो म्हणाली. “तोंड कशाला वाकडं करता?”

उशाशी पेला होता. पाण्यावर बुळबुळीत साय धरली होती. तळाशी दातांची कवळी.

थेक्ला पेल्याकडे बघत राहिली. काल संध्याकाळी मारुसोचा नवरा आपल्या आईला दवाखान्यात घेऊन आला होता. वरच्या गावात लेकीकडे असते, चक्कर येते, असं म्हणाला. तपासणीत काही निघालं नाही, तरी थेक्लानं म्हातारीला रात्रीपुरतं ठेवून घेतलं. कालिओपीआजींनी पाव सूपमध्ये बुडवून खाल्ला. कवळी घरी राहिली, म्हणाल्या.

“सासूबाई इथे राहतात?”

“राहत होत्या. आता तुम्हाला इथे आणलं, तर त्यांना कुठं ठेवू? आम्ही दोघं तर गच्चीवर झोपतो.” मारुसोनं गादी उलटी केली. दुसरी बाजूही तशीच होती. “सप्टेंबरपर्यंत राहू द्या दवाखान्यात. तुमची खाट रिकामीच असते.”

थेक्ला पेला घेऊन दवाखान्यात गेली. कवळी घासून तिनं आजींच्या हातात दिली. आजींनी ती बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला.

“माझ्या खोलीतली समुद्राकडची खिडकी उघडते का गं पोरी तुला?” त्यांनी विचारलं. “अडकते ती. खालून ढकलायची.”

हिवाळाभर थेक्लाला वरच्या खोलीतली ती खिडकी उघडता आली नव्हती. ती बेसिनपाशी गेली. हात धुतले. मग पुन्हा धुतले.

संध्याकाळी पिरेअसची बोट सुटली तेव्हा थेक्ला दवाखान्यातच होती आणि दोन्ही बॅगा जिन्यावरच होत्या. वरच्या खोलीत जर्मन पाहुणे खिडकीशी झटत होते.