अकरा क्रमांकाचं संमतीपत्र

पूर्णिमाने लेख तिसऱ्यांदा परत पाठवला. या वेळी तिने संदर्भसूचीतली दोन सालं तपासून घ्यायला सांगितली. दोन्ही बरोबर होती, हे तिला माहीत होतं.

विशेषांकाचा विषय होता शहरातलं एकटं म्हातारपण. त्रैमासिकाने तिला अतिथी संपादक म्हणून बोलावलं, त्याला वर्ष होत आलं होतं. नऊ लेख तयार होते. अडला होता तो हा एकच. प्रियदर्शनी नावाच्या तरुण संशोधक मुलीने एकट्या राहणाऱ्या चौदा स्त्रियांशी बोलून तो लिहिला होता. दोन्ही परीक्षकांनी तो आहे तसा छापावा, असं कळवलं होतं.

लेखात नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. अकरा क्रमांकाच्या बाई वय वर्षं चौऱ्याहत्तर, राहणार कर्वेनगर. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला तुम्ही का जाता, या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, "तेवढंच कुणीतरी आपल्याशी भांडतं."

हे वाक्य पूर्णिमाने आईच्या तोंडून ऐकलं होतं. ऐकून ती हसलीही होती. आई कर्वेनगरलाच एकटी राहायची. तिला जाऊन आता आठ महिने झाले होते.

तळटीपेत लिहिलं होतं, की सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं आहे आणि लेख छापून आला की ते पुसून टाकलं जाईल. बायकांना तसा शब्द दिलेला होता. म्हणजे पूर्णिमाने लेख पुढे पाठवला की आईचा आवाज जाणार. घरात आईचे तीनशे तरी फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. मोबाइलवर बोलून निरोप पाठवणं आईला पटायचं नाही. काय असेल ते समोर येऊन बोला, म्हणायची.

लेख आला त्याच आठवड्यात तिने प्रियदर्शनीला फोन केला होता. खात्रीसाठी एखादं रेकॉर्डिंग ऐकायचं आहे, अकरावं पाठव, असं सांगितलं होतं. मुलीने सौम्यपणे नकार दिला.

"मी संपादक आहे," पूर्णिमा म्हणाली.

"म्हणूनच, मॅडम. लेख मी तुम्हाला दिलाय. आवाज त्यांचा आहे."

त्या बाई म्हणजे आपली आई, हे पूर्णिमाने तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, नात्याचा संबंध आला की संपादकाने बाजूला व्हायचं या नियमाप्रमाणे, लेख दुसऱ्याकडे गेला असता आणि महिन्याभरात छापूनही झाला असता. पण तेवढंच कारण नव्हतं. वीस वर्षं ती हाच विषय अभ्यासत होती. शनिवार पेठेपासून धायरीपर्यंत दोनेकशे म्हाताऱ्या माणसांसमोर वही घेऊन बसली होती. मुलं भेटायला येतात का, आली तर किती वेळ थांबतात, हा तिचा ठरलेला प्रश्न. आईला तो तिने कधीच विचारला नव्हता. प्रियदर्शनीने विचारला असणार. आईचं उत्तर लेखात नव्हतं. ते त्या आवाजात होतं.

मुख्य संपादक माधवरावांचा संदेश आला. "पूर्णिमाताई, अंक म्हातारपणावर आहे. तो म्हातारा होऊनच निघावा, असा काही आपला संकल्प आहे का?"

तिने आणखी एक पळवाट शोधली. चौदाही जणींची संमतीपत्रं पाहायला मागितली. नावं झाकून पाठवायला हरकत नव्हती. प्रियदर्शनीने ती दुपारीच पाठवली. प्रत्येक नावावर कागदाची पांढरी पट्टी होती.

पूर्णिमा एकेक पान पाहत गेली. शेवटचा रकाना होता, 'आणखी काही अट असल्यास'. बहुतेकींनी तिथे नुसती आडवी रेघ मारली होती. एकीने लिहिलं होतं, अट नाही, मुलगी गोड आहे.

अकराव्या पानावर आईचं अक्षर होतं. रकान्यात मावलं नाही म्हणून समासात वळवून लिहिलेलं.

'माझी मुलगी याच विषयातली आहे. हे कळलं तर ती मागायला येईल. अभ्यासासाठी मागितलं तर देऊ नये, तिच्याकडे पुष्कळ म्हातारे आहेत. मुलगी म्हणून आली तर सगळं ऐकवावं. मध्ये थांबवू नये. चहा द्यावा.'

पूर्णिमाने ते दोनदा वाचलं.

त्यानंतर तिने माधवरावांना लिहिलं, की या लेखातल्या एक बाई म्हणजे माझी आई आहे. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लेख चांगला आहे, पण त्याचा निर्णय आता आपण घ्यावा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यात टोमणा नव्हता. "घेतो. छापखान्यात जायला अजून पंधरा दिवस आहेत. तुमचं आवरून घ्या."

मग तिने प्रियदर्शनीचा नंबर लावला.

"बोला मॅडम," मुलगी दमल्यासारखी म्हणाली. "आता कोणता कागद हवाय?"

"कागद नकोय गं," पूर्णिमा म्हणाली. "मी अकरा नंबरची मुलगी बोलतेय."