गेर्लीनचा कॅलिपर

पट्टी लालबुंद झाली तशी ओनेलने ती सांडशीत धरून ऐरणीवर घेतली आणि हलक्या हाताने ठोकत पोटरीच्या बाकाला आणली. मग बादलीत बुडवली. अंगणभर वाफ झाली.

दोन वर्षांपूर्वी त्याने घरीच करून दिलेला, पायाला आधाराचा कॅलिपर लेकीला आता चावायचा. गेर्लीन अकराची झाली होती. तापात वाळलेला डावा पायही वयाबरोबर थोडाफार वाढत होता. पट्टी पुन्हा रिव्हेटने जोडून त्याने कॅलिपर तिच्या पायात चढवला, चामडी पट्टे आवळले.

"टोचतंय?"

"नाही, पापा." ती उठली आणि भिंतीला हात न लावता थेट फाटकापर्यंत चालत गेली.

फाटकात मादाम रेजीन उभ्या होत्या. राजधानीत त्यांचं कलावस्तूंचं दुकान होतं. क्रुआ-दे-बुके गावातले सगळे लोहार त्यांच्या गाडीकडे डोळे लावून बसायचे. ओनेलने घाईघाईने भिंतीवरच्या जलपऱ्यांवरची धूळ पुसली. तेलाच्या पिंपांचा पत्रा कापून, एकेक खवला ठोकून उठवलेल्या. एकेकीला आठवडा गेला होता.

"जलपऱ्या काय, अख्खं गाव करतं रे," मादाम म्हणाल्या. त्यांची नजर खाली होती. "हे कुणी केलं?"

"ते तिच्या पायाचं आहे, मादाम."

"तेच विचारतेय. कसलं भिडतं हे! काय घेशील?"

"ती त्याच्यावर चालते."

"अरे, तुझ्या हातचंच काम. दुसरा करशील. या सगळ्या जलपऱ्यांचे मिळून येतील, त्याहून जास्त देते."

गेर्लीन खाली बसून पट्टे सोडायलाही लागली होती.

"दे ना, पापा. घरात तांदूळ नाहीये."

कॅलिपर त्यानेच कागदात गुंडाळून गाडीत ठेवला. दार लावता लावता मादाम थांबल्या.

"असे आणखी चार करून ठेव. पण कोरे नकोत हं. कुणीतरी घालून हिंडलेले हवेत, पट्ट्यांना घाम लागलेला. त्यातच खरा जीव असतो."

ओनेलने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"मी आहे ना, मादाम!" गेर्लीन जमिनीवरूनच ओरडली. "चारही मी घालीन."