चौथा खांदा

तुरुंग माणसाला ठेचण्यासाठी नसतो, घडवण्यासाठी असतो, हे पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या वाडीला मनापासून मान्य होतं. घडलेला माणूस परत वाडीतच राहायला येईल, एवढाच भाग कुणी लक्षात घेतला नव्हता.

किशोर शिमग्याच्या तोंडावर सुटून आला. बांधावरच्या भांडणात त्याच्या कोयत्यानं वाडीतल्याच भिकूचा भाऊ गेला होता. जन्मठेप भोगून, आत सुतारकाम शिकून तो आईकडे परतला. कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं गावकीचे अध्यक्ष श्रीपत सगळ्यांना बजावत. त्यामुळे किशोरला कुणी वाळीत टाकलं नाही. बोलत नव्हते, एवढंच.

धुळवड आटोपून मुंबईकर परतले आणि निम्मी घरं फिरायची बाकी असताना गावदेवीच्या पालखीला खांदे कमी पडले. चार लागतात. वाडीत तीन उरले होते. गुडघ्यांचा विचार केला तर अडीच.

किशोरची आई चंद्रभागा त्याला घेऊन पालखीजवळ आली.

"माजा पोरगा घेल खांदा. देवी आमच्या अंगनात आली का सुटला तो. सरकारनं सोडलाय, आता तुमी सोडा."

"आमी कुटं धरलाय, वयनी?" श्रीपत म्हणाले. "भिकूला इचारा."

तिघांतलाच एक, भिकू, पालखीचा दांडा पुसत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"सुदारलाय म्हनतात. बरं झालं, काकी. माजा भाव घरी कदी येनार, तेवडं इचार त्याला."

किशोरनं घडी करून खांद्यावर घेतलेला टॉवेल काढून हातात धरला.

शेवटी गावकीनं कुणाचंही मन न दुखावणारा तोडगा काढला. श्रीपतांनी पोलादपूरहून पिकअप मागवली. देवी मागच्या हौद्यात बसली, ते तिघं पालखी धरून बसले, ढोल ड्रायव्हरशेजारी. दारोदार गाडी थांबली, बायकांनी ओट्या भरल्या.

चंद्रभागा अंगण सारवून ताट घेऊन उभी होती. तिच्या मागं किशोर, अंघोळ करून, अनवाणी.

खाली रस्त्यावर ढोल थांबला. भिकूनं एकदा वर बघितलं. ड्रायव्हरनंही बघितलं, आणि गाडी पुढे घेतली.

चंद्रभागेच्या घराला दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे. तिच्यावर गाडी चढत नाही.