पाण्याला कळू न देता

“थांब. दोरीला मागे जाऊ दे. पुरती उलगडली, की मग हात पुढे.”

अण्णा धडधाकट होते तेव्हा अंगणात सराव करताना स्वतःशीच असं पुटपुटायचे. तुळशीपाशी बसल्या बसल्या ते उत्तराच्या कानावर पडायचं. आता अण्णांचं उजवं अंग गेलं होतं, ते आतल्या खाटेवर खिडकीशी पडून असायचे; तिथून अंगण दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. पण तिने त्यांची ती मासे धरायची वेताची लांब छडी उचलली, की सासऱ्यांचा तोच आवाज कानाशी यायचा.

तिने छडी मागे नेली. पिवळी रेशमी दोरी डोक्यावरून सावकाश वाहत गेली, शेवग्याच्या शेंड्यापर्यंत पोचली, आणि मग क्षणभर काहीच उरलं नाही. ना पुढे, ना मागे. जपाचा एक मणी सुटून दुसरा बोटांत यायच्या आधी असतं, तसं. त्या एवढ्याशा जागेत तिला फार बरं वाटायचं. तिथेच राहावं, असं वाटायचं.

मग हात पुढे आला. दोरीच्या टोकाची कापसाची गाठ अंगणातल्या पितळी परातीतल्या पाण्यावर पडली. टप्.

“वाजलं,” आतून अण्णा म्हणाले.

कुंपणापलीकडून मनुबाई कोळीण रिकामी पाटी घेऊन घरी चालली होती. ती थबकली.

“काय गो सूनबाय, गलाला काय लावलंस?”

“कापूस. गळ नाहीच त्याला.”

“मंग मासली काय तुजे भजनाला येनार हाय?”

“येऊ दे की. टाळ आहेत घरात.”

“आई गो, येरी हाय ही!” मनुबाई हसत हसत पुढे गेली. आतून अण्णाही खुदकन हसल्याचं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

अण्णा रेल्वेच्या पुलावर मुकादम होते. पुलाचा साहेब सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन मासे धरायला खाडीच्या वर जायचा, जिथे नदीचं पाणी गोडं होतं. स्वातंत्र्याच्या साली तो विलायतेला निघाला, तेव्हा छडी अण्णांच्या हाती देऊन म्हणाला, दर साली पावसाचं पाणी निवळलं, की माझ्या नावाने एकदा दोरी टाक. अण्णांनी दसऱ्याचा दिवस धरला. एकही दसरा चुकवला नाही. आणि आता दसरा उद्यावर आला होता.

“साहेब तिकडे शेकोटीपाशी बसला असेल, अण्णा. त्याला काय कळतंय?” उत्तराचा नवरा महिन्याभरापूर्वी ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसला कामावर जाता जाता म्हणाला होता.

“शब्द मी इथे दिलाय. विलायतेत नाही,” अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी जेवले नाहीत.

व्रत धरणारा अंथरुणाला खिळला, तर घरच्या कुणी ते पुरं करावं. सासूबाईंचे सोमवार त्यांच्या शेवटच्या आजारात उत्तरानेच केले होते. त्याच संध्याकाळी पेजेची वाटी घेऊन ती खाटेपाशी गेली.

“मामंजी, मी टाकू? गळ मात्र बांधणार नाही.”

अण्णांनी मान वळवली. “गळ कोण मागतंय? साहेबाने मासा नाही मागितला. पण दोरी अशी उतरायला हवी, की पाण्याला कळू नये. धपकन पडणार असेल, तर नकोच. नदीत दगड टाकायला गावची पोरं आहेत.”

तेव्हापासून ही परात. आणि रोज आतून तोच एक शब्द, ‘वाजलं’.

ऊन शेवग्यावरून उतरलं. परातीत थोडं आभाळ साचलं होतं, गुलाबी. उत्तराने डोळे मिटले नाहीत, पण मिटल्यासारखंच झालं. दोरी मागे गेली. ती थांबली. दोरी पुढे आली.

आतून ‘वाजलं’ आलं नाही. मग अण्णा जरा वैतागून म्हणाले, “अगं, टाक की! किती वेळ नुसती धरून उभी राहणार आहेस?”

कापूस परातीच्या मधोमध तरंगत होता.

“टाकली, मामंजी.”



“एकदा कुणाचीही नीट पडते,” अण्णा म्हणाले. “पुन्हा टाक.”

तिने टाकली. पुन्हा टाकली. एकदाही वाजलं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, “दिवेलागण झाली. आत ये. उद्या लवकर उठायचंय तुला.”

पहाटे देवापाशी निरांजन लावून तिने छडी काखेत घेतली. घर झोपलेलं होतं. ती दारापर्यंत आली तेव्हा खाट कुरकुरली.

“उत्तरा.”

“मामंजी?”

“अलीकडच्या काठानेच जा. उगवता सूर्य समोर ठेव.” थोडा दम घेऊन ते म्हणाले, “म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. वहाणा हातात घेतल्या, आणि दवाने ओल्या झालेल्या बांधावर उतरली.