रक्तवाढीची गोळी

श्रावणातल्या जनैपूर्णिमेला डोंगरावरच्या गोसाइँकुंडात डुबकी मारली की माझं वर्षाचं व्रत पूर्ण होणार होतं. पायथ्याच्या धुन्चे गावापासून तीन दिवसांची चढण. सून बिनिता पोटुशी असूनही महिनाभर माझ्याच तयारीत होती.

"आमा, वर श्वास पुरत नाही. सगळे लसूण चघळत चढतात."

"वर्षभर लसणाला शिवले नाही मी. महादेव नेईल."

"महादेव डोली नाही हो पाठवत!" ती हसली. दुसऱ्या दिवसापासून पूजा झाली, की रक्तवाढीची म्हणून एक गोळी ती माझ्या हातावर ठेवू लागली. मी देवाचं नाव घेऊन गिळायची.

आज बोचकं बांधताना एक गोळी पायाखाली फुटली. खोलीभर लसणाचा वास सुटला.

"रोज देवासमोर दिलीस ना गं?"

तिने मान खाली घातली. "तुम्ही धड परत यायला हव्यात, आमा. माझं बाळंतपण कोण करणार?"

मी बोचक्याची गाठ सोडली. दोनदा तिचा गर्भ गेला, तिसरा तरी टिकावा म्हणून ते व्रत धरलं होतं. तेव्हा तिला सांगितलं नव्हतं. आता तर सांगायची सोयच उरली नाही.