कागद अस्सल आहे ना?

किटलीचं झाकण खडखडलं, तसे मालक डॉन फर्मीन ऑफिसातून ओरडले, "चहा राहू दे, नायरा! दुपारपर्यंत सर्व्हर उठला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

सर्व्हरच्या प्रोग्रामचं रीतसर लायसन्स होतं, पण मूळ सीडी हरवल्या होत्या, आणि प्रोग्राम विकणारी कंपनी म्हणत होती, नवंच घ्या. लेकीचा हात धरून नायराने एल आल्तो शहराचा बाजार गाठला. तिथे एक मावशी नकली सीडी विकायची.

"लायसन्स अस्सल आहे ना गं पोरी?" मावशीने दरडावलं. "नसेल तर सीडी चालायची नाही, आणि तू माझ्या नावाने शंख करशील."

तिने लायसन्सचा कागद उजेडात धरून तपासला आणि मगच सीडी दिली.

 

परतताना छोट्या सामीने विचारलं, "आई, आपला कागद अस्सल आहे ना? मग पोलीस दिसल्यावर तू सीडी शालीत का लपवलीस?"