डावा कान

लोखंडी दार बंद झालं, हवेचा दाब चढू लागला आणि तोरुनने सवयीने नाक चिमटीत धरून कान मोकळे केले. उजवा टचकन सुटला. डावा मठ्ठच.

समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले वेचणं हा तिचा धंदा. गेल्या आठवड्यात एका बुडीनंतर ती वर आली ती डाव्या कानाने ठार बहिरी होऊन. कान परत आला नाही तर पाण्याखाली उतरणं विसरायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून बर्गनच्या इस्पितळात रोज सकाळी हा उद्योग. टाकीसारख्या या खोलीत दाबाखाली बसायचं आणि मुखवट्यातून प्राणवायू ओढायचा.

शेजारी ओद्मुंद. जन्मभर फेरीबोट चालवून निवृत्त झालेले कप्तान. कर्करोगावरच्या किरणांनी त्यांचा जबडा दुखावला होता, म्हणून तेही इथेच. जबडा दुखावला तरी चालायचा काही थांबला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांच्या गप्पांनी तोरुनचं डोकं उठलं. तेव्हापासून ती डावी बाजू त्यांच्याकडे करून बसायची.

मधल्या सुट्टीत मुखवटे उतरले.

"काय गं, आजही बंद खिडकीच माझ्या वाट्याला?" कप्तान ओरडले.

"तुमच्यासाठी खास राखून ठेवलीय!"

दोघंही हसले. मग कप्तान समोर बघत बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बरंय पोरी, तुला ऐकू येत नाही ते. घरी गेलं की भिंतींशी बोलायचं, म्हणून इथे तुझं डोकं खातो."

तोरुन दचकली. तिने हळूच उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला.

"उद्या हे उपचार संपले की कुणाशी बोलणार, देव जाणे."

आवाज बारीक होता, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण येत होता. तिचे डोळे वाहू लागले. डावा कान! हा डावा कान ऐकतोय!

"कप्तान," ती म्हणाली, "रविवारी माझ्याकडे जेवायला या. शिंपले भाजते. भिंतींना जरा सुट्टी द्या."

कप्तान गर्रकन वळले. तिच्या उजव्या कानावरचा हात त्यांनी पाहिला, वाहणारे डोळे पाहिले, आणि त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द म्हणून फुटेना. शेवटी त्यांनी तिचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसतेच तो हलवत राहिले.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. बाहेर यंत्रापाशी बसलेली नर्स सिगरीद घाबऱ्या आवाजात विचारत होती,

"तोरुन, कप्तान गप्प का आहेत? डॉक्टरांना बोलावू?"